ज्यांना आधीपासून ठाऊक असतं



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, ते आयुष्यभर लोकांना चांगले चित्रपट दाखवत राहिले आणि चित्रपट संपल्यावर प्रेक्षकांना थांबवून बोलतं करत राहिले. त्यामुळे विषय निवडताना मी संकोच केला नाही. राजकारणी घरातलं समलिंगी मूल, त्याने लपवलेलं किंवा त्याला लपवायला लावलेलं आयुष्य, आणि त्यापायी घरात पेटणारा झगडा हा आजचा विषय आहे. पडद्यावर हे कसं आलं आणि कुठे येता येता राहून गेलं, ते मला पाहायचं आहे.

सुरुवात मात्र एका खऱ्या मृत्यूपासून करावी लागेल. १९ जून १९५४, शनिवार. अमेरिकेच्या वायोमिंग राज्याचे सिनेटर लेस्टर हंट कोटाखाली रायफल लपवून सिनेटमधल्या आपल्या कार्यालयात गेले आणि तिथे त्यांनी स्वतःला गोळी घातली. हंट मूळचे दंतवैद्य. पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. वायोमिंगच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर उधळलेला घोडा आणि त्यावरचा स्वार आजही दिसतो, तो त्याआधी ते राज्याचे सचिव असताना आला. आधल्या वर्षीच्या जून महिन्यात त्यांच्या तरुण मुलाला वॉशिंग्टनच्या लाफायेट चौकात साध्या वेशातल्या पोलिसाने पकडलं होतं. आरोप होता पुरुषाकडे संगाची मागणी केल्याचा. पहिलाच गुन्हा म्हणून प्रकरण मिटत आलं होतं. पण विरोधी पक्षाच्या दोन सिनेटरांच्या कानावर ते गेलं. स्टाइल्स ब्रिजेस आणि हर्मन वेल्कर यांनी हंटना निरोप धाडला: पुन्हा निवडणूक लढवू नका, नाहीतर मुलावर खटला चालेल. हंट बधले नाहीत. खटला चालला, दंड झाला. मग दुसरा निरोप आला की निवडणुकीत हे प्रकरण वायोमिंगभर पोचवू. त्या काळी सिनेटमध्ये दोन पक्षांची संख्या जवळजवळ तुल्यबळ होती, एकेका जागेला सोन्याचं मोल होतं. ८ जूनला हंटनी प्रकृतीचं कारण देऊन माघार घेतली. त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले.

ते वातावरणही लक्षात घ्या. एप्रिल १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेशाने 'लैंगिक विकृती' हे सरकारी नोकरीतून काढण्याचं कारण ठरवलं होतं. समलिंगी माणसाला ब्लॅकमेल करता येतं म्हणून तो देशाला धोका, असा युक्तिवाद होता. आणि ब्लॅकमेल कोणी केलं, तर कायदे करणाऱ्या दोन सिनेटरांनी.

सिनेटचं वार्तांकन करणारा पत्रकार ॲलन ड्रुरी याने १९५९ साली 'ॲडव्हाइज अँड कन्सेंट' ही कादंबरी लिहिली. तिला पुलित्झर मिळालं, आणि १९६२ मध्ये ऑटो प्रेमिंजरने तिच्यावर चित्रपट काढला. हंट प्रकरणाची सावली त्या कथेवर उघड दिसते. युटाचा तरुण सिनेटर ब्रिगम ॲन्डरसन, पत्नी, लहान मुलगी, सगळं नीटनेटकं. युद्धकाळात हवाईमध्ये एका पुरुषाशी त्याचं नातं होतं. एका नियुक्तीवरून राजकारण तापतं, ते जुनं नातं विरोधकांच्या हाती लागतं. घरी निनावी फोन येऊ लागतात, बायको विचारते, तो सांगत नाही. न्यूयॉर्कला जाऊन तो त्या जुन्या मित्राला एका बारमध्ये गाठतो, आतली पुरुषांची गर्दी पाहून भेदरतो, पळत सुटतो आणि टॅक्सीत बसतो. मागे धावत आलेला मित्र रस्त्यावरच्या चिखलपाण्यात पडतो. वॉशिंग्टनला परतल्यावर ॲन्डरसन आपल्या कार्यालयात जीव देतो. हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेने समलिंगी संबंधांचा उल्लेख करायला १९६१ च्या अखेरीस परवानगी दिली होती, तीही संयम पाळण्याच्या अटीवर. त्या मानाने हा चित्रपट धीट होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण कथेत काय बदललं ते पाहा. प्रत्यक्षात गुपित मुलाचं होतं आणि मृत्यू बापाचा. कादंबरीने दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर घातलं. नाटकाच्या दृष्टीने ते सोयीचं होतं: नायक, त्याची चूक, त्याचा शेवट. त्या सोयीत मूल कथेतून बाहेर पडलं. आपल्यामुळे बाप गेला असं ज्या मुलाला जगाने सुचवलं, त्याने पुढे जगायचं कसं? तो मुलगा प्रत्यक्षात जगला, म्हातारा झाला आणि २०१५ साली एका माहितीपटात कॅमेऱ्यासमोर बसून बोलला. साठ वर्षं तो होता. नाट्य तिथे होतं आणि लेखकाने पाठ फिरवली.

नंतरची काही दशकं हा विषय विनोदाच्या आसऱ्याने राहिला. मूळ फ्रेंच नाटकावरून आलेला 'द बर्डकेज' (१९९६) सर्वांना आठवत असेल. त्यात नीतिमत्तेचा झेंडा मिरवणाऱ्या सिनेटरची मुलगी एका समलिंगी जोडप्याच्या मुलाशी लग्न ठरवते, आणि हा मुलगा स्वतःच्या बापाला विनवतो की सासरचे लोक जेवायला येतील तेव्हा तुम्ही वेगळे कोणीतरी व्हा. भिंतीवरची चित्रं उतरतात, सामान बदलतं, ज्याने त्या मुलाला आईच्या मायेने वाढवलं त्याला एका संध्याकाळपुरतं घराबाहेर राहायला सांगितलं जातं. लोक हसतात, मीही हसलो आहे. पण ते दृश्य क्रूर आहे. राजकारण्याची सावली इतकी लांब पडते की त्याच्याशी सोयरीक होण्याआधीच दुसऱ्याचं घर स्वतःला पुसायला लागतं.

आता पुन्हा वायोमिंग. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले डिक चेनी त्याच राज्याचे. त्यांची धाकटी मुलगी मेरी हिने शाळकरी वयातच आईवडिलांना आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. ॲडम मॅके यांच्या 'व्हाइस' (२०१८) या चित्रपटात तो प्रसंग आहे. आई हादरते, बाप जवळ घेतो. चित्रपटाचा चेनीबद्दलचा राग प्रत्येक चौकटीत जाणवतो, तरी या जागी दिग्दर्शक त्याच्यातल्या बापाला न्याय देतो. नव्वदीच्या दशकात चेनी राष्ट्राध्यक्षपदाचा विचार सोडतात, कारण प्रचारात मेरीची चिरफाड होईल. आणि इथे मॅके एक विलक्षण गोष्ट करतात. चित्रपट अर्ध्यावर असताना श्रेयनामावली सुरू होते. संगीत वाजतं, अक्षरं वर सरकतात, चेनी कुटुंब सुखाने राहिलं, कुत्री पाळू लागलं असं आपल्याला कळतं. बापाने लेकीसाठी राजकारण सोडलं, गोष्ट संपली. मग फोन वाजतो. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी विचारणा आहे. अख्ख्या चित्रपटात मला तो फोन सर्वांत भयंकर वाटतो, कारण आपण नुकतंच त्या माणसाला चांगलं ठरवून मोकळे झालेलो असतो.

पुढचा भाग वास्तवातला आहे, त्यातलं काही पडद्यावरही आलं आहे. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी समलिंगी विवाहाविरुद्ध घटनादुरुस्तीला पाठिंबा दिला. चेनींनी प्रचारात आपलं मत थोडं वेगळं असल्याचं जाहीर बोलून दाखवलं, पण राष्ट्राध्यक्षांच्या धोरणाच्या आड ते आले नाहीत. मेरी त्यांच्याच प्रचारयंत्रणेत काम करत होती. २०१२ मध्ये मेरीने आपल्या जोडीदारणीशी विवाह केला. २०१३ मध्ये थोरली बहीण लिझ वायोमिंगमधून सिनेटसाठी उभी राहिली. ती समलिंगी विवाहाच्या बाजूची असल्याचा प्रचार तिच्याविरुद्ध सुरू झाला, आणि १७ नोव्हेंबरला दूरचित्रवाणीवर तिने सांगितलं की आपला अशा विवाहाला विरोध आहे. मेरी आणि तिच्या पत्नीने फेसबुकवर उघड उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी आईवडिलांचं निवेदन आलं, लिझची पाठराखण करणारं. 'व्हाइस'मध्ये बापाची ही संमती शेवटाकडे येते आणि मेरी तुटून जाते. लिझने जानेवारी २०१४ मध्ये माघार घेतली. २०२१ मध्ये तिने आपण चुकलो होतो असं जाहीरपणे सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी प्रतिनिधिगृहात अशा विवाहांना संरक्षण देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं. तिच्या कबुलीचं मोल मला वाटतं.

हंट आणि चेनी यांच्यामध्ये साठ वर्षं आहेत. एकाने मुलाच्या गुपितापायी जीव दिला, दुसऱ्याचं घर सगळं उघड करून प्रेमाने राहिलं आणि तरी ऐन वेळी एका मुलीला बाजूला सारून दुसरीची उमेदवारी राखली. मला सांगायचं आहे ते इथे आहे. अशा कथांमध्ये आपण नेहमी लपणाऱ्याकडे पाहतो. तो कधी सांगेल, कसा सांगेल, सांगितल्यावर काय होईल याची वाट बघतो. खरी परीक्षा ज्यांना आधीपासून ठाऊक असतं त्यांची असते. ब्रिजेस आणि वेल्कर यांना ठाऊक होतं, त्यांनी त्याचं शस्त्र केलं. चेनींना ठाऊक होतं, त्यांनी माया केली आणि वेळ आल्यावर तिचा सौदाही केला. लेखकाने आपला दिवा या जाणत्या माणसांच्या तोंडावर धरायला हवा.

हे काम अलीकडे एका भारतीय चित्रपटाने केलं, म्हणून त्यावर मी जास्त वेळ घेणार आहे. जियो बेबी यांचा मल्याळम 'कादल : द कोर'. २३ नोव्हेंबर २०२३ ला प्रदर्शित झाला. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला तो १७ ऑक्टोबरला, म्हणजे जेमतेम पाच आठवडे आधी. केरळच्या राज्य पुरस्कारांत त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. कुवेत आणि कतारमध्ये त्याला परवानगी मिळाली नाही. मुख्य भूमिकेत मामूटी. सत्तरी ओलांडलेला, मल्याळम पडद्यावर चार दशकं मर्दपणाचं माप ठरलेला हा नट स्वतः निर्माता होऊन ही भूमिका करतो, याची आपल्याकडच्या ताऱ्यांनी नोंद घ्यावी.

कोट्टयमकडचं ख्रिस्ती घर. मॅथ्यू देवस्सी हा सहकारी बँकेतून निवृत्त झालेला भला माणूस. पंचायतीच्या पोटनिवडणुकीत डावा पक्ष त्याला उमेदवारी देतो. त्याच सुमारास त्याची पत्नी ओमना घटस्फोटाचा अर्ज करते आणि त्यात नवरा समलिंगी असल्याचं नमूद करते. वीस वर्षांचा संसार, कॉलेजात जाणारी मुलगी. मॅथ्यूचं गावातल्या थंकनशी जुनं नातं आहे. थंकन ड्रायव्हिंग स्कूल चालवतो.

आपण मराठी माणसं ग्रामपंचायतीचं आणि जिल्हा परिषदेचं राजकारण जवळून ओळखतो. तिकीट एकाला मिळतं आणि उभं सगळं घर राहतं. हात जोडलेला उमेदवार, डोक्यावर पदर घेतलेली बायको, पत्रकावर कुटुंबाचा फोटो, दारोदार फिरताना वहिनींनी कोणाच्या कपाळाला कुंकू लावायचं याचीसुद्धा यादी. हे चित्र केरळमध्येही फार वेगळं नाही. 'कादल'ने त्या चित्रातल्या बाईला बोलायला लावलं. आणि विशेष म्हणजे अर्ज केल्यानंतरही ओमना त्याच घरात राहते. सैपाक होतो, सासऱ्याची विचारपूस होते, नवरा प्रचाराला बाहेर पडतो. आदळआपट नाही, भांडी फुटत नाहीत. ज्योतिकाने ही बाई इतकी शांत उभी केली आहे की सुरुवातीला तिचा राग कळतच नाही. न्यायालयात उलटतपासणी होते तेव्हा ती सांगते की वीस वर्षांत शरीरसंबंध हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले. वकील विचारतात, मग इतकी वर्षं गप्प का बसलात? हा प्रश्न तिला विचारला जातो, पण तो त्या दालनातल्या दुसऱ्याच माणसाचा आहे.

तो माणूस म्हणजे म्हातारा देवस्सी, मॅथ्यूचा बाप. आर. एस. पणिक्कर या ज्येष्ठ नटाने तो केला आहे. अर्ध्याहून अधिक चित्रपट तो जवळजवळ बोलतच नाही. बाप-लेक एका छपराखाली राहतात, जेवतात, आणि त्यांच्यातलं बोलणं कामापुरतं. आपल्याला वाटतं, घरात अवघडलेपण आहे, वय झालंय. मग न्यायालयात तो तोंड उघडतो. मुलगा कसा आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. लग्न केलं की सुधारेल, म्हणून त्यानेच लग्न लावून दिलं. ही साक्ष तो सुनेच्या बाजूने देतो. ज्या क्षणाला तो मुलाचं राजकारण आणि घराची अब्रू दोन्ही उघड्यावर टाकतो, त्याच क्षणाला तो पहिल्यांदा बापासारखा वागतो. या साक्षीनंतर मला आधीची सगळी मुकी दृश्यं आठवत गेली. मुलगा बापाशी का बोलत नव्हता ते समजलं. ज्याला सगळं ठाऊक आहे आणि तरीही ज्याने हे केलं, त्याच्याशी बोलणार काय?

'लग्न केलं की सुधारेल' हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर मला दाखवा. वेगवेगळ्या कारणांसाठी म्हटलं जातं: पोरगा दारू पितो, कामधंदा करत नाही, घरात राहत नाही. दरवेळी उपाय म्हणून दुसऱ्याची मुलगी आणली जाते. देवस्सीचा गुन्हा मुलाइतकाच ओमनाशी आहे. 'कादल'ने हे बापाच्याच तोंडून वदवून घेतलं, याबद्दल मी त्याच्या लेखकांचा, आदर्श सुकुमारन आणि पॉलसन स्करिया यांचा ऋणी आहे. मॅथ्यूचा बांध फुटतो तो ओमनाजवळ. तिला धरून तो रडतो. ती त्याला शिक्षा करायला निघालेली नाही, दोघांनाही मोकळं करायला निघाली आहे, हे त्याला उमगतं. नवरा-बायकोतला एवढा खरा निरोप मी भारतीय पडद्यावर क्वचित पाहिला आहे.

पक्षाचं चित्रण काहींना भाबडं वाटलं. उमेदवारी काढून न घेता पक्ष मॅथ्यूच्या मागे उभा राहतो. प्रत्यक्षात असं होईल का, हा प्रश्न रास्त आहे. चित्रपटानंतर काही दिवसांतच दिग्दर्शकाचं कोझिकोडच्या एका महाविद्यालयातलं भाषण रद्द झालं; त्यांची मतं संस्थेच्या नैतिक मूल्यांशी जुळत नाहीत, असं कारण विद्यार्थी संघटनेने दिलं. तेव्हा केरळ पडद्यावर दिसतं तितकं पुढे गेलेलं नाही, हे उघड आहे. तरी पक्ष कसा वागू शकतो हे एकदा कोणीतरी दाखवून ठेवायला हवं होतं असं मला वाटतं. पक्षाला लाज वाटावी म्हणून तरी.

आपल्याकडे काय आहे? मराठीत राजकीय चित्रपटाची थोर परंपरा आहे. 'सामना', 'सिंहासन'. दोन्हींच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या. त्याच तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' लिहिलं, एका स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्रा नावाच्या तरुणीची शोकांतिका. सत्तेची इतकी जाण आणि मित्राबद्दलची इतकी कणव एकाच लेखकात होती, आणि तरी सत्ताधाऱ्याच्या घरात जन्मलेली मित्रा त्यांनी लिहिली नाही. 'उंबरठा'मध्ये आमदारही आहे आणि महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधांचं प्रकरणही, पण ती दोन सूत्रं एकमेकांना शिवत नाहीत. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'ने मुलाचं सत्य समजलेल्या आईला रंगमंचावर एकटीला बसवलं. जाणत्या माणसाचं नाटक मराठीत लिहिलं गेलं ते हे. त्या आईचा नवरा आमदार असता तर तिने काय केलं असतं, हा प्रश्न मला पडतो आणि कोणीतरी तो लिहावा असं वाटतं.

आपल्या मौनाचं आणखी एक उदाहरण राजकारणाबाहेरचं आहे. अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवणारे कवी प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्यावरचा हंसल मेहतांचा 'अलीगढ' आपण पाहिला असेल. २०१० च्या फेब्रुवारीत त्यांच्या खोलीत कॅमेरे घुसले, निलंबन झालं. १ एप्रिलला उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि ७ एप्रिलला ते मृतावस्थेत सापडले. ते आपल्या भाषेचे होते. त्यांच्यासाठी मराठी साहित्यसंस्थांनी तेव्हा किती आवाज उठवला, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

'कादल'बद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती ठामपणे मांडतो. मॅथ्यू आणि थंकन यांना चित्रपट बोलू देत नाही. ते एकमेकांकडे लांबून बघतात, रस्त्यावरून जातात, पावसात थांबतात. प्रेक्षक बिचकू नयेत म्हणून हे केलं असावं. संयम मला कळतो. पण मॅथ्यूच्या मागे पक्ष आहे, शेतीवाडी आहे, घराण्याचं नाव आहे, आणि ताकद असलेली एक बाई त्याला मोकळं करते. थंकनच्या मागे काय आहे? ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसायला आता कोण येणार, हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याच्याकडे वाढणाऱ्या भाच्याला पोरं चिडवतात. तो पोरगा मामाशी बोलेनासा होतो, आणि मामाला त्याला काही सांगता येत नाही. इतकी वर्षं नेत्याच्या घराने जे झाकून ठेवलं त्याचं ओझं या कमी पैशाच्या माणसाने वाहिलं आहे, आणि निवडणूक झाल्यावर त्याच्या दारात गुलाल उधळायला कोणी येत नाही. त्याची बाजू त्या चित्रपटात चार-पाच दृश्यांत आटोपते. मला ती अख्खी पाहायची आहे, भाच्यासकट.